क्यूआर असताना स्वाइप मशीन कशाला? भांड्यांच्या दुकानातला अनुभव

देवरूखच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. स्टीलचे डबे, कुकर, समया, ताम्हणं, लग्नसराईत रुखवताची भांडी. मागच्या गणपतीच्या आधी बँकेकडून कार्ड स्वाइपचं मशीन घेतलं, तेव्हा शेजारचे दुकानदार हसले होते. गल्ल्यावर क्यूआर चिकटवलेला आहे, पैसे आले की स्पीकर ओरडून सांगतो. मग महिन्याला 350 रुपये आणि वर जीएसटी असं भाडं भरून हे लोढणं कशाला गळ्यात घ्यायचं? प्रश्न रास्त होता. मध्ये एक लग्नसराई झाली, पावसाळाही आता सरत आला, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा फायदा मला मशीन घेताना सुचलाही नव्हता. क्यूआरवर पैसे द्यायचे तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलला रेंज हवी. कार्डाला फक्त दुकानातलं नेट पुरतं. ज्यांनी कोकणात जुलै काढलाय त्यांना यातला फरक वेगळा सांगायला नको. लाइट गेली की थोड्या वेळात टॉवर मान टाकतो, आणि माणूस मोबाइल वर धरून दुकानाच्या पायरीवर उभा. मागे रिक्षा थांबलेली, हातात पिशव्या. "नंतर येतो" म्हणून गेलेला माणूस परत येतोच असं नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, ब्रॉडबँडचं वायफाय आहे, मशीन त्याच्यावर जोडलंय. मशीनमध्ये बँकेचं सिमही येतं, पण पावसात त्या सिमची अवस्था गिऱ्हाइकाच्या सिमसारखीच. त्यामुळे मशीन घेणार असाल तर वायफायवर चालणारंच मागा. नुसतं सिमवालं खिशातलं छोटं मशीन स्वस्त पडतं, पण आपल्याकडे ते शोभेचं.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हाही तेच. मुंबईत चहासुद्धा मोबाइलवरून घेणारी माणसं इथे आली की रेंज शोधत फिरतात. मोदकपात्र, समई आणि गावच्या घरासाठी मोठा कुकर असं बिल झालं की पाकिटातून कार्ड निघतं.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मंडळी. शिक्षक, एसटीतले, पोस्टातले. पेन्शन बँकेत जमा होते, मोबाइल साधा बटणांचा, आणि एटीएम कार्ड मात्र जपून ठेवलेलं. पूर्वी हे लोक आधी एटीएमवर जायचे, तिथे रोकड नसली की खरेदी पुढच्या महिन्यावर. वाडीवरून आलेल्या एका आजींचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेलं होतं, आणि पिशवीतच चिठ्ठीवर चार आकडे. "तूच मार रे बाबा," म्हणाल्या. मी मशीन त्यांच्या हातात दिलं, पाठ फिरवली आणि आकडे त्यांनाच दाबायला लावले. पाच मिनिटं गेली, पण हे असंच करावं. पिन दुकानदाराने दाबायची सवय एकदा लागली की उद्या कुणाच्याही खात्यातून काहीही गेलं तरी बोट आपल्याकडे. चिठ्ठी घरी गेल्यावर फाडून टाका असंही सांगितलं. फाडली असेल असं वाटत नाही.

विक्री वाढते का? सरसकट नाही. डबे, चमचे, गाळण्या घेणारा रोख किंवा क्यूआरच करतो. फरक पडतो तो मोठ्या बिलात. खिशात तीन हजार घेऊन आलेला माणूस तीन हजारांतच बसवतो. कार्डवाला "जरा तो मोठा दाखवा" म्हणतो. महिन्यात एक-दोन असे कुकर जास्त गेले तरी भाडं निघतं. शिवाय उधारी कमी झाली. "पैसे काढून आणतो, वहीत लिहून ठेवा" ही सबब आता चालत नाही, समोर मशीन आहे.

आता कमिशनचं, म्हणजे कार्डाच्या प्रत्येक बिलातून बँक दुकानदाराचे जे पैसे कापते त्याचं. इथे बहुतेकांना नीट कुणी सांगत नाही, म्हणून जरा फोड करतो. रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला कमिशन शून्य आहे. आमच्याकडे येणारी बरीच डेबिट कार्डं रुपेचीच असतात. जनधन खात्यांनाही तेच कार्ड मिळतं. बाकी कंपन्यांच्या डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने 2018 पासून कमाल मर्यादा घातली आहे: आदल्या आर्थिक वर्षात उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर 0.40 टक्के, एका व्यवहाराला जास्तीत जास्त 200 रुपये. त्यावरच्या उलाढालीला 0.90 टक्के आणि 1000 रुपये. म्हणजे आमच्यासारख्याला 6000 रुपयांच्या बिलावर 24 रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून 28 रुपये 32 पैसे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे दीड-दोन टक्के सहज जातात, म्हणून पितळेवर आधीच घासाघीस झाली असेल तर मी "डेबिट आहे का?" असं विचारून घेतो.

आमची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, तरी पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये 0.90 नेच कापलं होतं. मशीन बसवायला आलेल्या माणसाने फॉर्मवरचा उलाढालीचा रकाना रिकामाच सोडलेला निघाला. शाखेत दोनदा तोंडी सांगून काही हललं नाही. शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा पुढच्या महिन्यापासून दर खाली आला. आधीचा फरक अजून मिळालेला नाही. रक्कम किरकोळ आहे, पण मी सोडलेली नाही.

काही दुकानदार कार्ड म्हटलं की वर दोन टक्के मागतात. डेबिट कार्डावर असं कमिशन गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. आणि 28 रुपयांसाठी सहा हजारांचं गिऱ्हाईक नाराज करणं हा धंदाही नव्हे.

त्रास आहेतच. कार्ड नुसतं टेकवून 5000 रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात, पण 2020 नंतरच्या नव्या कार्डांवर ही सोय खातेदाराने स्वतः बँकेत सांगून सुरू करावी लागते. हे माहीत नसल्याने लोक कार्ड मशीनवर आपटत बसतात. चिप आत घालायची आणि पिन मारायचा, हाच मार्ग बहुतेक वेळा. पावतीचा कागद उष्णतेवर छापणारा, त्यामुळे उन्हात किंवा गल्ल्यातल्या उबेत महिनाभरात कोरा होतो. मोठ्या बिलाच्या पावतीचा मी लगेच फोटो काढतो. रोल संपला की तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा तो मिळेलच असं नाही, दहाचा गठ्ठा आणून ठेवलाय. रात्री सेटलमेंटचं, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे पाठवायचं बटण दाबायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी पैसे जमा होत नाहीत. शनिवार-रविवारचे पैसे आमच्या बँकेत सोमवारशिवाय दिसत नाहीत, आणि घाऊक व्यापाऱ्याला सोमवारी सकाळीच पैसे हवे असतात.

एकदा एका निवृत्त गुरुजींच्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला आणि मशीनवर मात्र पावती निघाली नाही. गुरुजी घाबरले. नियम असा की पावती निघाली नाही आणि खात्यातून रक्कम गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे; उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. त्यांच्या मेसेजवरचा व्यवहार क्रमांक वहीत लिहून ठेवला, भांडी त्यांना नेऊ दिली. पैसे मुदतीत परत आले, गुरुजींनी येऊन बिल दिलं. रोखीत.

कागदोपत्री फायदा वेगळाच. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला रोखीच्या विक्रीवर 8 टक्के नफा धरावा लागतो, बँकेतून आलेल्या विक्रीवर 6. यूपीआयलाही हे लागू आहे, कार्डाचीच मिजास नाही. पण मुद्रा कर्जासाठी गेलो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी आधी खात्यात काय जमा होतं तेच पाहिलं, आमची वही नाही.

चहाची टपरी, भाजी, वडापाव असलं काही असेल तर मशीनच्या भानगडीत पडू नका. तीस रुपयांसाठी कुणी कार्ड काढत नाही. भांडी, कापड, चपला, हार्डवेअर, शेतीची औषधं अशा दुकानांनी विचार करावा. आमच्या मशीनचा करार दिवाळीनंतर संपतोय. दुसऱ्या एका बँकेचा माणूस परवा येऊन निम्मं भाडं सांगून गेला. उलाढालीचा रकाना मी स्वतः भरीन, एवढं त्याला सांगून ठेवलंय, आणि वायफायचं मशीन आधी आठवडाभर दुकानात चालवून दाखव म्हटलंय, तेही पाऊस पडत असताना.