परतवाड्याचं पवित्र शास्त्राचं दुकान: मंडळीसाठी प्रती घ्यायच्या असतील तर इथूनच घ्या

पाटीवर नुसतं 'धार्मिक पुस्तके' लिहिलंय, त्यामुळे पटकन सापडत नाही. बाजाराच्या गल्लीत विचारत जा. आत भजनांची पुस्तकं, संडे स्कूलचे तक्ते, कॅलेंडरं आणि मागच्या फळीवर मराठी बायबलची वेगवेगळी भाषांतरं. काचेच्या कपाटात पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत आहे. ती विकायला नाही, पण मागितली तर हातात देतात.

मी मेळघाटाच्या पायथ्याच्या एका गावातल्या बॅप्टिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) डिकन, म्हणजे मंडळीचं काम पाहणारा सेवक आहे. प्रती घ्यायचं काम माझ्याकडे आलं ते भांडणातून. बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं आमच्या तरुण पोरांना सांगितलं की किंग जेम्स हे जुनं इंग्रजी बायबल तेवढं खरं, नव्या भाषांतरांनी वचनं कापली. पुरावा म्हणून नव्यांच्या मजकुरात नसलेलं प्रेषितांची कृत्ये ८:३७ हे वचन दाखवलं. तेव्हापासून ही पोरं एकीकडे आणि सोप्या भाषेतलं बायबल वाचणाऱ्या बाया दुसरीकडे. एकत्र वाचन बंद पडलं. दोन घरं उपासनेलाच येईनात.

दुकानातल्या मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं. 'हेच घ्या' असं एकदाही म्हटलं नाही. बायबल सोसायटीचं नेहमीचं मराठी, सोप्या मराठीतलं आणि इंग्रजी किंग जेम्स, अशी तिन्ही काउंटरवर उघडून ठेवली आणि मला स्टूल दिलं. "गुरुजी, घाई नोका करू. घरी नेऊन मोठ्यानं वाचून पाहा, जमलं नाही तं वापस आना." गिऱ्हाइकाला अशी मोकळीक देणारं दुकान आपल्या भागात मी दुसरं पाहिलं नाही.

८:३७ बद्दल पोरांना राग का आला, ते मला कळतं. त्यात फिलिप्प हा सुवार्तिक एका कूशी (इथिओपियाच्या) षंढाला म्हणतो, मनापासून विश्वास असेल तर बाप्तिस्म्याला हरकत नाही. आधी कबुली, मग पाणी, ही तर बॅप्टिस्टांची ओळख. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वचन नाही. इरॅस्मस या युरोपीय विद्वानानं १५१६ साली छापलेल्या ग्रीक नव्या करारात ते होतं, आणि त्या परंपरेतून १६११ च्या किंग जेम्समध्ये आलं. बहुतेक नवी इंग्रजी भाषांतरं ते तळटीपेत देतात. लपवत कोणी नाही. आणि ज्यांनी वचन स्वीकारलं त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे २:४१ मध्ये आहेच.

या वादांनी आपलं फार नुकसान केलंय. १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीनं बॅप्टिस्टांच्या बंगाली भाषांतराला पैसा नाकारला, कारण त्यात बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवण्याचा शब्द होता. बॅप्टिस्टांनी वेगळी सोसायटी काढली. इंग्रजी बायबल सुधारावं की नाही यावरून १८५० मध्ये तीही फुटली. १९५२ मध्ये आरएसव्ही या नव्या इंग्रजी भाषांतरात यशया ७:१४ मध्ये 'कुमारी'ऐवजी 'तरुण स्त्री' आलं, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका बॅप्टिस्ट पाळकानं ते पानच जाळलं. पुढे फक्त किंग जेम्स मानणाऱ्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. त्या वादाची झळ आमच्या गावापर्यंत यावी, याचं मला दुःख होतं. मराठी नवा करार १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून देणारा मिशनरी विल्यम कॅरी बॅप्टिस्टच होता. १६८९ चा बॅप्टिस्ट विश्वासनामा अखेरचा अधिकार मूळ हिब्रू आणि ग्रीकला देतो, आणि लोकांच्या बोलीत भाषांतर व्हावं असंही सांगतो. एका इंग्रजी भाषांतरासाठी मराठी मंडळी का फुटावी?

मी पुलपिटसाठी नेहमीचं, मोठ्या टाइपाचं घेतलं आणि बायांच्या सभेसाठी सोप्या मराठीतल्या प्रती. पोरांसाठी किंग जेम्सही एक घेतलं, कारण शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्यांची शंका जाणार नाही. जी दोन घरं तुटली, त्यांच्याकडे तिन्ही घेऊन मी आणि पाळकसाहेब बसणार आहोत.

किंमत छापील, बिल पक्कं, बांधणी बघून घेऊ देतात. मोठ्या टाइपाच्या प्रती मात्र कमी असतात, आधी सांगून ठेवावं लागतं. रविवारी दुकान बंद.