ट्रिप ३५ आणि तिचा तो लाल झेंडा

ऑलिम्पस ट्रिप ३५ या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर लिहायचं डोक्यात नव्हतं. पण परवा रिपेअरवाल्याने मागच्या झाकणाचा फोम बदलायचे जे पैसे सांगितले ते ऐकून राहवेना. जुन्या बाजारात तेवढ्यात मी अख्खा कॅमेरा घेतला होता, केससकट! वर म्हणतो, "साहेब, याचे पार्ट मिळत नाहीत." अहो, फोमला कसला पार्ट?

या कॅमेऱ्याचं उत्पादन १९८४ मध्ये थांबलं, म्हणजे नवीतली नवी ट्रिपसुद्धा चाळिशीची. मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड अडवायला बसवलेला फोम एव्हाना डांबर झालेला असतो. मग उजेड आत शिरतो आणि फोटोंवर नारिंगी पट्टे येतात. मी टूथपिकला कापूस गुंडाळून, स्पिरिटने सगळी घाण खरवडून काढली आणि खाचेत काळी लोकर दाबून बसवली. पुढच्या रोलवर पट्ट्याचा मागमूस नाही. खर्च विचारूच नका, लोकर घरचीच होती.

आता झेंड्याकडे येतो. उजेड कमी पडला की ट्रिप शटर दाबूच देत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खालून एक लाल पट्टी वर येते, की संपलं. मावशी ओटीवर वाल सोलत बसली होती, दारातून तिरपं ऊन हातांवर आलेलं, बाकी सगळी सावली. बटण दाबलं, झेंडा. पुन्हा दाबलं, झेंडा. "काढलास का रे?" करत मावशी उठून आत गेलीसुद्धा. २०० आयएसओचा (उजेडाला बेताचाच संवेदनशील) रोल घालून ट्यूबलाइटखाली तर आशाच सोडा. पहिले दोन महिने मी या झेंड्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग हिशेब केला. रोल, धुलाई, स्कॅन धरून एक फोटो मला साधारण ४० रुपयांना पडतो. मित्राच्या बिनझेंड्याच्या कॅमेऱ्यात अर्धा रोल काळाठिक्कर निघाला, तरी लॅबने पैसे पूर्ण घेतले. म्हणजे झेंड्याने माझे पैसेच वाचवले होते. शिव्या मागे घेतल्या. पण सगळ्या नाही. कारण झेंडा फक्त उजेड बघतो, फोकस बघत नाही. भिंगावरची फोकसची रिंग डोंगरावर, म्हणजे लांबच्या दृश्याच्या चिन्हावर, राहिली आणि समोर माणूस दीड मीटरवर, तर ट्रिप खुशाल ४० रुपये उडवते. व्ह्यूफाइंडरमधून सगळं स्वच्छच दिसतं. त्याच्या तळाशी ही रिंग दाखवणारी इवलीशी खिडकी आहे खरी, पण घाईत तिकडे बघतो कोण?

दिवसाउजेडी मात्र हिला तोड नाही. सेल लागत नाही. भिंगाभोवतीच्या खडबडीत काचेमागचं सेलेनियम उजेडावरच वीज तयार करतं आणि त्यावर उजेड मोजणारा मीटर चालतो. शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद, ते कॅमेरा स्वतः ठरवतो. ४० एमएमचं झुइको भिंग कडक उन्हात इतकं रेखीव काढतं, की भाजीवालीच्या तराजूवरचा गंज मोजून घ्या.

घ्यायची असेल तर एक सांगतो. बरेच विक्रेते भिंगावरची दुसरी, उजेड किती आत घ्यायचा ते ठरवणारी (अ‍ॅपर्चरची) रिंग २.८ वर ठेवून खटखट शटर वाजवून दाखवतात. 'ए' (ऑटो) सोडून कुठेही ही रिंग ठेवली की झेंडा येतच नाही, त्यामुळे सेलेनियम मेलेलं असलं तरी शटर वाजतं. रिंग 'ए' वर आणायला सांगा. रोल पुढे सरकवायचं चाक फिरवून भिंगावर तळहात ठेवा आणि बटण दाबा. झेंडा यायलाच हवा. मग हात काढून उन्हात दाबा. आता शटर वाजायला हवं. उन्हातही झेंडाच वर आला, तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.