रेडकॅप : परिचारिकांच्या दूरस्थ अभ्यासासाठी कितपत उपयोगी?

परिचारिकांकडून दूर बसून माहिती गोळा करायची असेल, तर साधन निवडताना मी आधी एकच गोष्ट पाहते : वॉर्डातून हाक आली म्हणून अर्धवट सोडलेली प्रश्नावली पाळी संपल्यावर तिथूनच पुढे भरता येते का? अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेली रेडकॅप ही ऑनलाइन प्रश्नावल्या तयार करून संशोधनाची माहिती साठवण्याची प्रणाली या कसोटीला उतरते. उत्तरे जतन करून नंतर परतण्याची सोय चालू केली की भरणाऱ्याला एक संकेतांक मिळतो. थकलेल्या माणसाकडून तो हरवतोच, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र लिंक पाठवावी आणि संकेतांकाची अट काढून टाकावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मात्र अशी लिंक दुसऱ्या कोणाला पाठवली तर आधीची उत्तरे त्या व्यक्तीला दिसू शकतात, हे निमंत्रणातच स्पष्ट लिहायला हवे.

स्वयंचलित निमंत्रणे, प्रतिसाद न देणाऱ्यांनाच जाणारी स्मरणपत्रे आणि प्रत्येक बदल कोणी व कधी केला याची नोंद यांमुळे काही महिन्यांनी पुन्हा माहिती घ्यायचे अभ्यास सुकर होतात. इलेक्ट्रॉनिक संमतीपत्राची प्रत पीडीएफ स्वरूपात आपोआप जतन होते. नैतिकता समितीपुढे जाताना याचा मोठा आधार वाटतो.

सहभागी मिळवून देण्याचे काम मात्र रेडकॅप करत नाही. मानधन जाहीर करून सार्वजनिक लिंक समाजमाध्यमांवर टाकली, की बनावट प्रतिसादांचा धोका वाढतो आणि कॅप्चा (उत्तर देणारा माणूसच आहे ना, हे तपासणारी छोटी चाचणी) लावूनही तो पूर्णपणे टळत नाही. त्यापेक्षा सार्वजनिक लिंकवर फक्त पात्रतेचे चार-पाच प्रश्न ठेवावेत, पडताळणी करावी आणि मगच मुख्य प्रश्नावलीची स्वतंत्र लिंक द्यावी. यात वेळ जातो, पण नंतर संशयास्पद नोंदी वगळत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आपली उत्तरे इनचार्जपर्यंत पोहोचतील का, ही भीती परिचारिकांच्या मनात असते आणि ती रास्त आहे. ओळख पटवणारी फील्ड्स निर्यात करताना वगळता येतात. पण वय, विभाग आणि अनुभवाची वर्षे एकत्र विचारली, तर लहान अतिदक्षता विभागातली परिचारिका नावाशिवायही ओळखू येते. इथे सॉफ्टवेअर मदतीला येत नाही, प्रश्नच विचारपूर्वक निवडावे लागतात.

ना-नफा संस्थांना परवाना मोफत मिळतो, परंतु सर्व्हर आणि तांत्रिक मनुष्यबळ संस्थेलाच उभे करावे लागते. त्यामुळे ज्यांच्या महाविद्यालयात ही व्यवस्था नाही, अशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती एकट्याने घेता येत नाही. इंटरनेटशिवाय चालणारे मोबाईल ॲपही माहिती गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. घरी बसून स्वतःच्या फोनवर लिंक उघडून उत्तरे देणाऱ्या परिचारिकेला इंटरनेट लागतेच.