शरदातील रोपांसाठी ९८ खणांचा प्रो-ट्रे

उष्ण हवामानात शरद ऋतूतील लागवडीची खरी अडचण वेळेची असते. फुलकोबी, कोबी, ब्रोकोली यांची रोपे हवा थंडावताच वाफ्यात लावायची, तर बी त्याआधी चार-पाच आठवडे, म्हणजे दुपारचे ऊन अजून चटके देत असतानाच पेरावे लागते. या कामासाठी वापरलेला ९८ खणांचा प्लॅस्टिकचा प्रो-ट्रे (प्रत्येक खणात एक रोप वाढवण्याचा ट्रे) मला मनापासून आवडला, कारण सकाळचे कोवळे ऊन मिळाले की तो उचलून सावलीत नेता येतो. माती तीस अंश सेल्सिअसच्या वर तापली की लेट्यूसचे बी नीट उगवत नाही, तेव्हा ही सोय फारच मोलाची वाटते.

खण खाली निमुळते होत जातात आणि प्रत्येकाच्या तळाशी भोक असते, त्यामुळे पाणी साचत नाही व कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडण्याचे प्रमाण कमी राहते. मात्र ट्रे जमिनीवर न टेकवता विटांवर किंवा जाळीवर ठेवावा. खाली हवा खेळती राहिली की भोकाशी आलेली मुळांची टोके तिथेच सुकतात आणि रोप आतल्या आत नवी मुळे फोडते. लागवडीच्या वेळी भोकातून बोटाने हलकेच वर ढकलले, की पांढऱ्या मुळांच्या जाळीने बांधलेला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गड्डा न फुटता अलगद हाती येतो. अशी रोपे वाफ्यात फारशी माना टाकत नाहीत.

उणीव आहे ती खणाच्या लहान आकाराची. कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी दिलेले पाणी दुपारपर्यंत संपते, म्हणून बारीक छिद्रांच्या झारीने दुसऱ्यांदा पाणी द्यावेच लागते. कोकोपीटमध्ये अन्नद्रव्ये नगण्य असल्याने खरी पाने (बीजपत्रांनंतर येणारी) फुटल्यावर सौम्य द्रवखतही हवे. पातळ ट्रेच्या कडा तडकतात. जाड प्लॅस्टिकचा ट्रे धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतो.

गाजर आणि मुळा यांसाठी मात्र हा ट्रे घेऊच नये, कारण सोटमूळ दुखावले की कंद वाकडा होतो किंवा फाटे फुटतात. त्यांचे बी थेट वाफ्यातच पेरावे. टोमॅटोची रोपे जास्त दिवस ट्रेमध्ये ठेवावी लागणार असतील, तर मोठ्या खणांचा, ५० खणी ट्रे निवडावा.