वीस फुटी, चाळीस फुटी की हायक्यूब? तिन्ही भरून झाल्यावर लिहितोय

डिस्पॅचचं काम गळ्यात पडून बरीच वर्षं झाली, कंटेनर भरून भरून कंबर गेली, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क मला आहे असं धरून चालतो. आधीच सांगून टाकतो, साधा चाळीस फुटी मला आवडत नाही, का ते पुढे येईलच.

आमचा माल दोन टोकांचा. एकीकडे लोखंडी कास्टिंग, खोकं एवढंसं पण हलवायला फोर्कलिफ्ट, आणि दुसरीकडे फोमच्या गाद्या, म्हणजे नुसती हवा भरून पाठवतोय असं वाटावं.

वीस फुटी आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद, २.३९ उंच, गुणाकार केला की ३३ सीबीएम, म्हणजे घनमीटर. हा आकडा बघून कोणी बुकिंग करू नका राव, कारण खोक्यांमधल्या फटी, पॅलेटचं (मालाखालच्या फळ्यांच्या पाटाचं) लाकूड, वर राहिलेली वीतभर जागा हे सगळं वजा जातं आणि हातात २५ ते २८ आले तरी खूप. वजनाला मात्र हा पैलवान आहे. दारावर ग्रॉस, म्हणजे डबा आणि माल मिळून जास्तीत जास्त वजन, ३०,४८० किलो लिहिलेलं असतं, डब्याचं स्वतःचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ २८ टन माल घेतो (रस्त्यावर ट्रेलरला तेवढं चालतं का हा वेगळा विषय, तो आधी विचारून घ्या). आता गंमत बघा, चाळीस फुटीवर पण बऱ्याचदा तोच ३०,४८० चा आकडा असतो, फक्त डबा स्वतःच पावणेचार टनांचा, म्हणजे माल साडेसव्वीस टन. लांबी दुप्पट आणि वजन उलट कमी! आमच्या साहेबांना हे पटायला दोन दिवस लागले, ते म्हणत होते दोन विसांचं कास्टिंग एका चाळिसात टाकू, भाडं वाचेल.

पण सगळ्यात जास्त फसवतं ते दार. एकदा मशीनचा क्रेट होता २.३२ मीटर उंच, बुकिंगवाल्याला फोनवर विचारलं तर म्हणाला आतली उंची २.३९ आहे, आरामात बसेल. आत बसेल हो, पण आत जायला दारातून जावं लागतं ना, आणि दाराची उंची २.२८! वर आडवी पट्टी असते ती कोणी सांगतच नाही. ट्रेलर उभा, फोर्कलिफ्टवाला क्रेट उचलून दारासमोर आणि सगळे वर बघतायत. शेवटी सुतार बोलावला, वरच्या फळ्या काढल्या, खालचे रनर तासले, दोन तास गेले आणि ट्रेलर थांबल्याचे पैसे आमच्याच माथी. तेव्हापासून मी आतलं माप नंतर बघतो, दाराचं आधी.

पॅलेटचं पण तसंच. १.२ मीटरचे दोन पॅलेट शेजारी ठेवले की २.४ होतात आणि आतली रुंदी २.३५, पाच सेंटीमीटरसाठी सगळं गणित बोंबलतं. मग एक उभा एक आडवा करत १.२ बाय १ चे विसात १० आणि चाळिसात २० किंवा २१ बसतात. बाहेरून आठ फूट पक्के ठेवायचे तर पन्हाळीच्या भिंतींची जाडी आतूनच जाणार.

हायक्यूब मात्र पैसा वसूल. लांबी चाळीसच, पण एक फूट जास्त उंच, साडेनऊ फूट, आणि साध्या चाळिसाचे ६७ सीबीएम तर याचे ७६. भाड्यात बऱ्याचदा फरक नसतो किंवा किरकोळ असतो, मग साधा चाळीस कोणी का घ्यावा? जड मालाला वीस आणि हलक्याला हायक्यूब, मधल्याचं मला काम पडत नाही. दार पण उंच, २.५८ च्या आसपास, तो क्रेट हसत गेला असता.

आता खर्च. चाळिसाचं भाडं सहसा विसाच्या दुप्पट नसतं, म्हणून हलक्या मालाला मोठा डबाच परवडतो. पण कोटेशनमधला फ्रेटचा, म्हणजे समुद्राच्या भाड्याचा, आकडा म्हणजे नुसतं गाजर, त्याच्या खाली दोन्ही बंदरांचा टर्मिनल हँडलिंग चार्ज, इंधनाचा सरचार्ज, डॉक्युमेंटेशन, सील अशी शेपटी असते. शिवाय १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं व्हीजीएम (तपासून प्रमाणित केलेलं एकूण वजन) दिल्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत, त्याचा वजनकाटा वेगळा. माल थोडा असेल तर एलसीएल घ्या, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच डब्यात जागा, तिथे सीबीएम किंवा टन यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात, पण १३ ते १५ सीबीएमच्या पुढे गेलात की पूर्ण विसाचा भाव काढून बघाच. आणि फ्री डेज, म्हणजे डबा बिनपैशाने ठेवायचे दिवस, लेखी घ्या. भरलेला डबा बंदरात पडून राहिला की डेमरेज, तुमच्याकडे राहिला की डिटेन्शन, आणि रोजचा दर आठवड्यागणिक वाढत जातो. एकदा कागद अडकले होते तेव्हा ते बिल समुद्राच्या भाड्याच्या वर गेलं होतं, फॉरवर्डरला (माल पाठवून देणाऱ्या एजंटला) फोन केला तर म्हणे अटींमध्ये लिहिलंय. लिहिलं होतं, बारीक अक्षरात.

डब्याची कंडिशन हा नशिबाचा खेळ. आता रिकामा कंटेनर आला की मी आत जाऊन उभा राहतो आणि हेल्परला दोन्ही दारं बाहेरून लावायला सांगतो. मिट्ट अंधार पाहिजे. मागच्या वेळी उजव्या कोपऱ्यात छताजवळ टाचणीएवढे तीन उजेडाचे ठिपके दिसले, ड्रायव्हर म्हणाला साहेब एवढ्याने काय होतंय, मी म्हटलं गाद्या आहेत, समुद्राचं पाणी पिऊन येतील. डबा परत पाठवला, दुसरा दुसऱ्या दिवशी दुपारी आला.