पिल्लांच्या खाद्यात मका की गहू? हिशेब फॉस्फरसचा

दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना मका द्यावा की गहू, हे बहुतेक वेळा ऊर्जा आणि भाव बघूनच ठरतं. फॉस्फरसचा विचार मागाहून होतो आणि डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे डीसीपी, टाकून तो भागवला जातो. पण धान्य बदललं की डीसीपीची मात्राही बदलायला हवी, आणि ती एकूण फॉस्फरसच्या आकड्यावरून काढली तर हमखास चुकते.

धान्यातला साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त फॉस्फरस फायटेटमध्ये, म्हणजे फायटिक आम्लाच्या क्षारात, अडकलेला असतो. फायटिक आम्लाच्या एका रेणूला फॉस्फेटचे सहा गट चिकटलेले असतात. ते सोडवायला फायटेज हे विकर लागतं आणि डुकराच्या आतड्यात ते नावापुरतंच बनतं. मग जे सुटायचं ते धान्याच्या अंगच्या फायटेजने, नाहीतर वरून घातलेल्या. मक्यात ते जवळपास नसतंच. गव्हात मात्र भरपूर असतं, तेही मुख्यतः कोंड्याच्या थरात.

आकड्यांत बोलायचं तर किलोभर मक्यात सुमारे 2.6 ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला एक तृतीयांशच पचतो, म्हणजे 0.9 ग्रॅम. गव्हात 3.3 ग्रॅमच्या आसपास असतो आणि निम्म्याहून थोडा जास्त पचतो, म्हणजे 1.8 ग्रॅम. सरळ दुप्पट! ज्वारी मक्याच्या जवळची, बार्ली गव्हाच्या. राय हे गव्हासारखं धान्य मिळत असेल तर अंगच्या फायटेजमध्ये ती गव्हालाही मागे टाकते.

दुप्पट हा शब्द मोठा वाटतो, पण खाद्यात धान्य 60 टक्के धरलं तर फरक उरतो किलोमागे अर्धा ग्रॅम. डीसीपीत मोजला तर टनामागे साडेतीन-चार किलो. 11 ते 25 किलो वजनाच्या पिल्लाला किलोभर खाद्यातून सव्वातीन ग्रॅमच्या आसपास पचणारा फॉस्फरस लागतो, म्हणजे दोन्ही धान्यं एकटी अपुरीच. एवढ्या बचतीसाठी महागडा गहू घेणं मला तरी पटत नाही.

त्यात पेलेटची, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांची, भानगड आहे. पेलेट करताना भरड्याला वाफ दिली जाते. तापमान 80 अंशांच्या पुढे गेलं की गव्हाचं फायटेज बरंचसं मरतं आणि वरचा हिशेब कोसळतो. तक्त्यात गव्हाची पचनीयता बघून डीसीपी कमी केलं आणि नंतर पेलेट मारलं, की पिल्लांना फॉस्फरस कमी पडणार. सुरुवातीला वाढ आणि खाणं मंदावतं. पाय अधू दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून पेलेट करणाऱ्याने मका आणि बाहेरून फायटेज हीच जोडी धरावी, उष्णता सोसणारं किंवा पेलेटवर नंतर फवारायचं. किलोभर खाद्यात 500 युनिट घातलं तर मका-सोयाबीनच्या खाद्यातून साधारण एक ग्रॅमच्या आत-बाहेर पचणारा फॉस्फरस सुटतो. गव्हाच्या सगळ्या फायद्यापेक्षा हे जास्त झालं. गव्हाच्या भरड्यात तेच फायटेज घातलं तर वाढीव लाभ कमी दिसतो, कारण थोडं काम आधीच झालेलं असतं.

मात्र चुनखडीवर हात आखडता हवा. स्वस्त भर म्हणून ती सढळ टाकली जाते. तिच्यातलं कॅल्शियम हे फायटेटला धरून बसतं, शिवाय चुनखडीने जठरातलं आम्ल मंदावतं, आणि फायटेजचं खरं काम तर जठरातच चालतं. नुकतं दूध तुटलेल्या पिल्लाचं आम्ल आधीच कमी असतं. फायटेज घातल्यावर डीसीपी कमी करायचं आणि कॅल्शियम तेवढंच ठेवायचं, ही चूक सर्रास होते. दोन्ही सोबत खाली आणावीत.

गहू निवडावा तो भरडा भिजवून किंवा पातळ करून देणाऱ्याने. पाण्यात काही तास राहिला की गव्हाचं फायटेज आधीच कामाला लागतं आणि उष्णतेची भीती नसते. तिथे भावात फार तफावत नसेल तर मी गव्हाकडे झुकेन.