सेकंडहँड मॅकबुक, ७२ हजार आणि होस्ट्स फाइलमधल्या तीन ओळी

लिहू का नको यात दोन महिने गेले, कारण सॉफ्टवेअरवाला माणूस लॅपटॉप घेताना फसला हे सांगायला लाजच वाटते. पण परवा आमच्या जुळे सोलापुरातलंच एक पोरगं, नुकतंच कोडिंग शिकायलंय, मला म्हणालं दादा तुम्ही मॅक कुठनं घेतला, मलापण तिथनंच घ्यायचाय. म्हटलं आता लिहूनच टाकतो.

मी आधी पुण्यात होतो, लॉकडाऊनला घरी आलो तो इथंच राहिलो. वरच्या खोलीत टेबल, मॉनिटर, यूपीएस असं सगळं मांडलंय, पण सोलापूरचा मे महिना माहितीय ना, पारा ४३ ला टेकतो आणि वर स्लॅब तापलेला. डॉकर, म्हणजे कोड चालवून बघायचं एक जड सॉफ्टवेअर, चालू केलं की जुन्या लॅपटॉपचा फॅन असा सुटायचा की पूर्व भागातला यंत्रमाग परवडला, मीटिंगमध्ये क्लायंट विचारायचा बाहेर काही काम चालूय का. ॲपलच्या एम वन प्रो चिपवाला मॅक एवढा तापत नाही आणि लाइट गेली तरी बॅटरीवर तासन् तास चालतो, म्हणून १४ इंची, २०२१ चं मॉडेल, १६ जीबी रॅम, सेकंडहँडमध्ये बघायला लागलो.

नवी पेठेच्या बाजूला एक रिफर्बिश्डवाला आहे असं कळलं. नाव लिहीत नाही. दुकान छोटं पण एसी, चहा मागवला, सर सर करत होता. "बेंगलोरच्या कंपन्यांचा लीजचा माल आहे सर, बल्कमध्ये येतो, म्हणून स्वस्त." आणि हे खोटं नसतंच बरं का, असा माल खरंच येतो, त्यामुळं शंका आली नाही. ७२ हजारात ठरलं. ४० यूपीआयने, उरलेले कॅश, कारण म्हणे पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल. मीपण मान डोलावली. मिळालं काय तर लेटरहेडवर "मॅक लॅपटॉप १ नग", ना सिरीयल नंबर, ना जीएसटी नंबर.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. बॅटरीची सायकल बघितली, कीबोर्डचं बटण न् बटण दाबलं, सिरीयल नंबर ॲपलच्या साइटवर टाकून वॉरंटी बघितली, आयक्लाउड साइनआउट आहे, ॲक्टिवेशन लॉक, म्हणजे आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप, नाही हेपण बघितलं. आमच्या गावची चादर जीआय टॅगवाली, पाहुणे आले की डुप्लिकेट कशी ओळखायची ते आपण हात लावून दाखवतो, तसा मी स्वतःला मोठा पारखी समजत होतो. पण ॲक्टिवेशन लॉक वेगळं आणि एमडीएम, म्हणजे कंपनीने लांबूनच मशीन ताब्यात ठेवायची सोय, वेगळी. कंपनी मॅक घेते तेव्हा बहुतेकदा त्याचा सिरीयल नंबर ॲपल बिझनेस मॅनेजर या कंपन्यांसाठीच्या ॲपलच्या पोर्टलमध्ये कंपनीच्या नावावर चढलेला असतो. तो कंपनीने स्वतः सोडवल्याशिवाय निघत नाही, डिस्क फॉरमॅट करा नाहीतर दहा वेळा ओएस टाका.

आता जे सांगतो ते सगळ्यात जास्त डाचतं. घेतल्यावर आठवड्याभरात प्रोजेक्टसाठी लोकल डोमेन टाकायला मी होस्ट्स फाइल, म्हणजे कुठला वेब पत्ता कुठं न्यायचा ते मशीनला सांगणारी फाइल, उघडली. तिथं आधीच तीन ओळी होत्या, आयप्रोफाइल्स, एमडीएमएनरोलमेंट, डिव्हाइसएनरोलमेंट, तिन्हीपुढं ॲपल डॉट कॉम आणि सुरुवातीला सगळी शून्यं, म्हणजे या पत्त्यांवर जाऊच नको. मी बघितलं, वाटलं आधीच्या मालकाने ॲड ब्लॉक केले असतील, खाली माझी ओळ लिहिली आणि फाइल बंद केली. अहो नावातच एमडीएम लिहिलंय! कुणा ज्युनियरने कोड रिव्ह्यूत असलं सोडलं असतं तर मी त्याला झाडला असता. दुकानदाराने मशीन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचूच नये अशी सोय करून विकलं होतं.

चार महिने मस्त चाललं. मग एका रविवारी म्हटलं सगळं साफ करून नव्याने सेटअप करू, इरेज मारलं, वायफाय जोडलं आणि पडद्यावर रिमोट मॅनेजमेंट, खाली एका कंपनीचं नाव आणि त्यांचं लॉगिन. पुढं जाताच येईना.

सोमवारी दुकानात गेलो तर म्हणतो, "नेताना चालू होता ना सर? मग तुम्ही काहीतरी केलंय." दुसऱ्यांदा गेलो तर पोऱ्या बसलेला, शेठ बाहेरगावी. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला काय बे, दीड हजारात हे लॉक बायपास मारून देणारा आहे माझ्याकडं. नको म्हटलं. मशीन दुसऱ्याचं आणि त्यावर मी क्लायंटचा कोड ठेवणार? त्या कंपनीलाच मेल टाकला, सिरीयल नंबरसकट. दोन दिवसांनी त्यांच्या आयटीवाल्याचा फोन आला, माणूस बोलायला सभ्य होता. म्हणाला एक जण नोकरी सोडताना लॅपटॉप जमा न करताच गेला, तोच हा, परत पाठवा. म्हणजे मी लीजचा माल म्हणून घेतला तो पळवलेला निघाला. भारतीय न्याय संहितेत चोरीचा माल माहीत असून ठेवला तर ३१७ कलम लागतं हे त्या रात्री वाचलं आणि झोप उडाली. सकाळीच कुरियर केला, पावती जपून ठेवलीय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला होता, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावला तर बँकेत रक्कम अडवायला कामाचा, चार महिन्यांनी काय अडवणार. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला. त्यानंतर दुकानदार जरा मऊ आला, तीन वेळा पाच पाच हजार दिले, मग फोन उचलायचा बंद झाला. कॅशच्या ३२ हजाराचा तर माझ्याकडं कागदच नाही, मागू कशाच्या जोरावर.

हां, एक राहिलंच. त्यानेच अडीच हजारात "ऑफिस ३६५ लाइफटाइम" दिलं होतं. ३६५ म्हणजे वर्गणीच, त्यात लाइफटाइम नसतंच, कायमचं पाहिजे तर ऑफिस २०२४ सारखं एकदाच पैसे भरून घ्यायचं वेगळं मिळतं. मला दिलेलं खातं कुठल्यातरी अनोळखी डोमेनचं होतं, त्याचा ॲडमिन दुसराच कोणीतरी. एक दिवस लॉगिनच बंद, वनड्राइव्हवरची माझी दोन वर्षांची इन्व्हॉइसं गेली, सीएच्या मेलमधून शोधून शोधून परत जमवली.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं की घ्यायचाच असेल तर दुकानातच, त्याच्यासमोर पूर्ण इरेज करायला लाव, दुकानाचं वायफाय नको, तिथंपण ते पत्ते अडवलेले असतील, स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोड आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत खिशात हात घालू नको. मशीन कंपनीच्या नावावर आहे का ते बघायला टर्मिनलमधली प्रोफाइल्सची कमांड सांगतात लोक, ती चालते, पण माझ्यासारखे सर्व्हर अडवलेले असले तर तीपण फसते, म्हणून इरेजच. दुकानदार टाळाटाळ करायला लागला की चहा पिऊन उठायचं.

सध्या जुन्याच लॅपटॉपला फॅन बदलून घेतलाय, साडेआठशे रुपये लागले. आणि त्या कंपनीने मॅक तेवढा मागितला, चार्जर मागितलाच नाही. तो ड्रॉवरमध्ये पडलाय, बायको त्याला ५७ हजाराचा चार्जर म्हणते.